वाहनाची झडती आणि नागरिकाचा अधिकार

रात्री अकराच्या सुमारास नाकाबंदीच्या लोखंडी अडथळ्यांपाशी हवालदाराने विजेरीचा झोत काचेवर टाकून "गाडी बाजूला घ्या आणि डिक्की उघडा" असे फर्मावले की, ज्याच्या हातून कसलाही गुन्हा घडलेला नाही अशा सुशिक्षित माणसाच्या मनातही दोन परस्परविरुद्ध वृत्ती एकाच क्षणी उसळून येतात : एक निमूटपणे शरण जाण्याची, आणि दुसरी "आधी वॉरंट दाखवा" असे बजावण्याची. शरण जाणारा वर्दीलाच कायदा समजतो, आणि वॉरंट मागणाऱ्याची समजूत अशी असते की न्यायाधीशाच्या सहीशिक्क्याच्या कागदाविना आपल्या गाडीला कोणी स्पर्शही करू शकत नाही. कायद्याचे ज्ञान दोघांपाशीही सारखेच अपुरे असते. आपल्या कायद्याने पोलिसांना झडतीचा अधिकार बऱ्याच उदार हाताने दिलेला आहे; मात्र तो बजावताना लेखी कारणांची, साक्षीदारांची आणि नोंदींची जी बंधने त्यांच्यावर घातली आहेत, त्यांतच नागरिकाच्या हक्काचा मुख्य ऐवज साठवलेला आहे, आणि तो कोठे आहे हे ठाऊक नसल्यामुळेच बहुतेकांना तो वापरता येत नाही.

प्रथम एक भेद मनात पक्का केला पाहिजे. वाहतूक पोलिसाने कागदपत्रे तपासणे म्हणजे झडती नव्हे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १३० व्या कलमान्वये गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याने मागताच चालकाने परवाना दाखवलाच पाहिजे. नोंदणीचा दाखला आणि विम्याचे प्रमाणपत्र यांविषयीही याच कायद्यात तशीच तजवीज आहे, आणि हे सारे दस्तऐवज डिजीलॉकर किंवा एमपरिवाहन यांमधून मोबाईलवर दाखवले तरी ते केंद्रीय नियमांप्रमाणे ग्राह्य धरले जातात. मद्यपानाचा संशय असल्यास २०३ व्या कलमाखाली श्वासाची चाचणी घेता येते, आणि नोंदणीवाचून किंवा परवान्यावाचून चालवलेले वाहन २०७ व्या कलमाखाली अडकवूनही ठेवता येते. परंतु परवाना ताब्यात घेतला तर २०६ व्या कलमाप्रमाणे त्याची पोच द्यावी लागते, आणि चालत्या इंजिनाची किल्ली हात घालून हिसकावून घेण्याची मुभा देणारे कलम तर या कायद्यात नाही. तसेच, कागदपत्रे पाहण्याच्या या अधिकारातून आसनाखाली हात घालण्याचा, पिशव्या उलट्या करण्याचा किंवा डिक्कीतील सामान उपसण्याचा अधिकार आपोआप उत्पन्न होत नाही. त्याकरिता निराळ्या कायद्याचा आधार लागतो.

हा आधार कोणता, याकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट मनापासून सांगितली पाहिजे, ती अशी की रस्त्यावर गाड्या अडवणे हा केवळ जाच आहे असे मानणे अन्यायाचे होईल. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत गिरगाव चौपाटीवर जी नाकाबंदी होती, तिथेच पळवलेली स्कोडा मोटार अडवली गेली, आणि हातात केवळ काठी असलेल्या सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी दहशतवादी कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवून, स्वतःच्या देहावर गोळ्या झेलून, तो जिवंत हाती लागेल असे केले. पुढे अशोकचक्राने गौरवलेल्या त्या माणसाचे स्मरण ठेवूनच नाकाबंदीविषयी बोलावे. तथापि नाकाबंदी आवश्यक आहे एवढ्यावरून तिथे घडणारी प्रत्येक गोष्ट कायदेशीर ठरत नाही, आणि ओंबळे यांच्या खात्याची प्रतिष्ठा राखायची तर त्या खात्याने कायद्याच्या चाकोरीत राहावे असे म्हणणे त्या स्मरणाशी मुळीच विसंगत नाही.

१ जुलै २०२४ पासून १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता अमलात आली. झडतीचे जुने १६५ वे कलम आता १८५ वे झाले आहे. जुन्या संहितेप्रमाणेच नव्या संहितेतही "स्थळ" या संज्ञेत घर, इमारत, तंबू आणि नौका यांच्या जोडीने वाहनाचाही समावेश केलेला आहे. सबब घराच्या झडतीचे नियम सामान्यतः मोटारीलाही लागू पडतात, ही गोष्ट आपल्याकडे फारच थोड्या मोटारमालकांना माहीत असते. १८५ व्या कलमाचा आशय असा की, ठाण्याच्या प्रमुख अधिकाऱ्यास किंवा तपास करणाऱ्या अधिकाऱ्यास, एखाद्या गुन्ह्याच्या तपासासाठी आवश्यक असलेली वस्तू अमुक ठिकाणी सापडेल आणि अन्य मार्गाने ती विनाविलंब मिळणार नाही असे मानण्यास सयुक्तिक कारण असेल, तर त्या कारणांची तपासाच्या रोजनिशीत लेखी नोंद करून आणि शक्य तेथवर कोणती वस्तू शोधायची आहे ते नमूद करून त्याला वॉरंटाविना झडती घेता येते; ती शक्यतो त्याने स्वतः घ्यावी, हाताखालच्या माणसाकडे सोपवायची असल्यास त्याला लेखी हुकूम द्यावा, आणि त्या नोंदींच्या प्रती अठ्ठेचाळीस तासांच्या आत जवळच्या दंडाधिकाऱ्याकडे पाठवाव्यात. त्या स्थळाच्या मालकाने अर्ज केल्यास दंडाधिकाऱ्याकडून त्याला या नोंदींची नक्कल विनामूल्य मिळते.

म्हणजे "वॉरंट दाखवा" हा प्रश्न बहुधा निष्फळ ठरतो. याउलट "साहेब, ही झडती कोणत्या गुन्ह्याच्या संबंधात आणि कोणत्या कलमाखाली घेत आहात?" हा प्रश्न कायद्याच्या नेमक्या मर्मावर बोट ठेवतो, कारण रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक गाडीची डिक्की, समोर गुन्हाही नाही आणि संशयही नाही अशा स्थितीत, सरसकट उघडून पाहण्याचा अधिकार १८५ व्या कलमात नाही. नाकाबंदीवरील बहुसंख्य तपासण्या वास्तविक चालकाच्या संमतीवरच चालतात, मग ती संमती भयापोटी दिलेली असो की सौजन्यापोटी. चोरीची असल्याचा संशय असलेली, किंवा गुन्ह्याचा संशय उत्पन्न करील अशा परिस्थितीत आढळलेली वस्तू १०६ व्या कलमाखाली कोणत्याही पोलीस अधिकाऱ्यास जप्त करता येते हे खरे. पण तिथेही संशयास काही ठोस आधार लागतो, आणि जप्तीचा अहवाल वरिष्ठांमार्फत दंडाधिकाऱ्यापर्यंत पोहोचावा लागतो.

आता झडतीच्या रीतीकडे पाहू, कारण माझ्या मते या विषयाचे खरे सार तिच्यातच आहे. १०३ व्या कलमाप्रमाणे झडती घेणाऱ्या अधिकाऱ्याने त्या परिसरातील दोन किंवा अधिक स्वतंत्र व प्रतिष्ठित रहिवाशांना पंच म्हणून बोलवावे, त्यांच्या समक्ष झडती घ्यावी, सापडलेल्या प्रत्येक वस्तूची आणि ती जिथे सापडली त्या जागेची यादी करून तिच्यावर पंचांच्या सह्या घ्याव्यात, स्थळाच्या ताबेदारास झडतीच्या वेळी हजर राहू द्यावे, आणि पंचांनी सही केलेल्या यादीची प्रत त्याला द्यावी, असा दंडक आहे. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच, आणि शालीनतेचा पूर्ण आदर राखून घेतली पाहिजे. यात नव्या संहितेने १०५ व्या कलमाची एक मौल्यवान भर घातली आहे : झडतीची आणि जप्तीची सारी प्रक्रिया, यादी करण्यापासून पंचांच्या सह्यांपर्यंत, ध्वनिचित्रमुद्रित झाली पाहिजे, त्यासाठी शक्यतो मोबाईल वापरावा, आणि ते मुद्रण विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे रवाना करावे. डॅशबोर्डच्या कप्प्यात पुडी आधीपासून होती की झडतीच्या ओघात तिथे आली, हा जो प्रश्न पिढ्यान् पिढ्या केवळ एकाच्या शब्दाविरुद्ध दुसऱ्याचा शब्द असा लोंबकळत राहिला, त्याला या कलमाने प्रथमच एक यांत्रिक साक्षीदार मिळवून दिला आहे. म्हणून झडती आरंभण्यापूर्वीच "याचे चित्रीकरण सुरू करावे" अशी नम्र, परंतु स्पष्ट विनंती करणे हे आज प्रत्येक मोटारमालकाने शिकण्यासारखे पहिले वाक्य आहे.

पंच या संस्थेविषयी थोडे अधिक लिहिले तर ते अस्थानी होणार नाही. झडतीवर समाजाची नजर असावी, ती केवळ सरकार आणि आरोपी यांच्यातली बंद दाराआडची बाब राहू नये, हा पंचांच्या योजनेमागील हेतू अत्यंत शहाणपणाचा आहे. पण व्यवहारात त्याची जी दुर्दशा झाली ती कोणत्याही फौजदारी न्यायालयात बसून पाहावी. ठाण्याच्या आसपास वावरणारे तेच ते हुकमी पंच, मजकूर न वाचता किंवा कोऱ्या कागदावर केलेल्या सह्या, आणि वर्षानुवर्षांनी साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहिल्यावर "मला काही आठवत नाही" असे म्हणून फितूर होणे, या साऱ्यामुळे निर्दोष माणूस अडकतो आणि खरा गुन्हेगार सुटतो. याचा दोष पोलिसांच्या पदरात टाकून आपण मोकळे होतो, परंतु रस्त्यावर फौजदाराने "जरा पंच म्हणून थांबता का?" असे विचारले की घड्याळाकडे पाहत पाय उचलणारे आपणच असतो, आणि आपण निघून गेल्यावर त्याला पानटपरीवरचा ओळखीचा माणूसच बोलवावा लागतो. लेखी हुकूम मिळूनही सबळ कारणावाचून पंच होण्यास नकार देणे हा कायद्याने गुन्हा आहे, हे सांगून लोकांना भिववावे असा माझा हेतू नाही. मला एवढेच कळकळीने म्हणायचे आहे की आज दुसऱ्याच्या मोटारीपाशी अर्धा तास उभे राहून, डोळ्यांनी पाहिले तेवढ्यालाच सही देणारा सज्जन पंच ज्या गावात मिळतो, त्या गावातल्या प्रत्येकाची मोटार अधिक सुरक्षित असते.

काही विशेष कायद्यांखाली मात्र पोलिसांचे हात पुष्कळ लांब आहेत. १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा हा त्यांतला सर्वांत कडक. ४२ व्या कलमाप्रमाणे मिळालेली खबर आधी लिहून काढावी, तिची प्रत बहात्तर तासांत वरिष्ठाकडे पाठवावी, आणि सूर्यास्तानंतर वॉरंटावाचून झडती घ्यायची असल्यास वॉरंट मिळवण्यास सवड का नव्हती याचीही नोंद करावी, असे बंधन आहे. ४३ व्या कलमाखाली सार्वजनिक ठिकाणी घेतलेल्या झडतीस मात्र ते लागू नाही. बूटा सिंग विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की खासगी जीप सार्वजनिक रस्त्यावर उभी असली तरी तेवढ्याने ती सार्वजनिक वाहन होत नाही, सबब तिथे ४२ व्या कलमाचेच पालन व्हायला हवे होते. ते मुळीच न झाल्यामुळे आरोपी सुटले. याच कायद्याच्या ५० व्या कलमाने, आपली झडती राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर व्हावी असे मागण्याचा हक्क दिला आहे, आणि तो हक्क आहे हे आरोपीला सांगितलेच पाहिजे असे घटनापीठाने विजयसिंह जाडेजा खटल्यात २०१० मध्ये निक्षून सांगितले. पण हा हक्क केवळ अंगझडतीपुरता आहे. हातातली पिशवी, गाडीची डिक्की यांना तो लागू नाही, हे न्यायालयांनी तितक्याच स्पष्टपणे ठरवलेले आहे. महाराष्ट्राचा १९४९ चा दारूबंदी कायदाही वाहन थांबवून तपासण्याचा अधिकार देतो, आणि गोव्याहून बांद्यामार्गे परतणाऱ्या पर्यटकांना इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर त्याचाच प्रत्यय येतो : गोव्यात स्वस्त आणि उघडपणे मिळणारी बाटली हद्द ओलांडताच मुद्देमाल होते, आणि तिच्याबरोबर वाहनही जप्त होऊ शकते.

निवडणुकीच्या आचारसंहितेच्या काळात भरारी पथके आणि स्थिर निगराणी पथके गाड्या तपासतात. रोख रकमेवरील पन्नास हजार रुपयांच्या मर्यादेविषयी लोकांत मोठा गैरसमज आहे. निवडणूक आयोगाच्या कार्यपद्धतीप्रमाणे ही मर्यादा मुख्यतः उमेदवार, त्याचा प्रतिनिधी किंवा पक्षाचा कार्यकर्ता बसलेल्या अथवा प्रचारसाहित्य वाहणाऱ्या वाहनासाठी आहे. तरीही व्यापाऱ्याने किंवा लग्नाच्या खरेदीस निघालेल्या गृहस्थाने बँकेतून रक्कम काढल्याची पावती जवळ बाळगावी हे उत्तम. तपासणीचे चित्रीकरण व्हावे लागते, आणि जप्त रक्कम निवडणुकीशी संबंधित नसल्यास ती परत देण्यासाठी जिल्हा पातळीवर समिती असते, तिच्याकडे दाद मागावी.

परदेशी चित्रपटांतून आणि परदेशस्थ नातेवाइकांच्या बोलण्यातून आपल्याकडे एक निराळीच समजूत रुजली आहे, तिचाही उलगडा केला पाहिजे. अमेरिकेत १९२१ च्या डिसेंबरात, तिथल्या दारूबंदीच्या काळात, ग्रँड रॅपिड्स ते डेट्रॉइट या रस्त्यावर एक ओल्ड्समोबाईल मोटार अडवून तिच्या आसनाचे अस्तर फाडले तेव्हा आत मद्याच्या अडुसष्ट बाटल्या सापडल्या. त्या कॅरोल खटल्यात १९२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की मोटार काही क्षणांत हद्दीबाहेर पळू शकते, म्हणून सबळ कारण असेल तर तिच्या झडतीस वॉरंट लागत नाही. सबळ कारण नसले की तिथला अधिकारी संमती मागतो, आणि नागरिक ती नाकारू शकतो. पण "तुम्ही नाकारू शकता" हे सांगण्याचे बंधन अधिकाऱ्यावर नाही, असे १९७३ मध्ये ठरले, आणि त्यामुळे कॅलिफोर्नियात राहणारा आपला मराठी माणूस "हो, बघा ना" असे सौजन्याने म्हणतो त्याच क्षणी तो आपला एक मोठा हक्क सोडून देत असतो. शिवाय १९६१ च्या मॅप खटल्यापासून बेकायदा झडतीत मिळालेला पुरावा तिथल्या राज्यांच्या न्यायालयांतही सामान्यतः वापरता येत नाही. आपल्याकडे असे नाही. पूरन मल खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ च्या अखेरीस ठरवले की पुरावा प्रस्तुत असेल तर झडती बेकायदा होती एवढ्याच कारणाने तो फेकून देता येत नाही. या एका फरकामुळे भारतीय नागरिकाने अमेरिकी पद्धतीने नकारावर विसंबून राहणे धोक्याचे ठरते. झडतीतील प्रत्येक त्रुटी न्यायालय पुराव्याची विश्वासार्हता जोखताना विचारात घेते, आणि म्हणून ती त्रुटी कागदावर उमटली आहे की नाही यावरच पुष्कळदा सारे अवलंबून असते.

यावरून वर्तनाचा मार्ग आपोआप स्पष्ट होतो. अंगावर जाणे, गाडी रेटून नेणे, हात झिडकारणे हे सर्वस्वी टाळावे. सरकारी कामात अडथळा आणि लोकसेवकावर बळाचा वापर हे स्वतंत्र गुन्हे आहेत, आणि पोलिसांच्या कायदेशीर निर्देशांना विरोध करणाऱ्यास नव्या संहितेच्या १७२ व्या कलमाखाली तात्पुरते ताब्यातही घेता येते. आपली हरकत मात्र स्वच्छ शब्दांत, चित्रीकरणात ऐकू येईल अशी नोंदवावी. अधिकाऱ्याचे नाव आणि बक्कल नंबर, वेळ, ठिकाण टिपून घ्यावे. झडती चालू असताना गाडीपासून दूर बोलावले तर "मला समोर उभे राहू द्या" असे सांगावे, कारण तो आपला हक्क आहे. पंचनामा संपूर्ण वाचल्याखेरीज, किंवा त्यात रिकाम्या जागा असताना, कशावरही सही करू नये, आणि प्रत मिळाल्याची सही करायची झाल्यास तिच्याखाली तारीख व वेळ स्वतःच्या हाताने घालावी. काहीच सापडले नाही तरी तसा पंचनामा मागण्यास संकोच करू नये. संशयास कारण नसताना केवळ त्रास देण्यासाठी झडती घेतल्यास अमली पदार्थांच्या कायद्याचे ५८ वे कलम अधिकाऱ्यालाही शिक्षा सांगते. इतर बाबतींत पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त, दंडाधिकारी आणि राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण यांची दारे खुली आहेत.

गाडी जप्त झाली तर ती खटला संपेपर्यंत गेली असे समजून हताश होण्याचेही कारण नाही. ठाण्यांच्या आवारात ऊनपाऊस खात, चाके रुतलेल्या, काटेरी झुडपांनी वेढलेल्या मोटारी आपण पाहतो, त्यांतल्या कित्येकांच्या मालकांनी केवळ माहितीअभावी अर्जच केलेला नसतो. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या खटल्यात २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट बजावले की जप्त वाहने ठाण्यात दीर्घकाळ अडकवून ठेवण्यात काहीच हशील नाही. त्यांची छायाचित्रे आणि सविस्तर पंचनामा करून, योग्य बंधपत्र व जामीन घेऊन, ती मालकाच्या सुपूर्द करावीत. विशेष कायद्यांखालील जप्तीस निराळे नियम असू शकतात, तिथे वकिलाचा सल्ला घेतलेला बरा. एरवी नव्या संहितेच्या ४९७ व्या किंवा ५०३ व्या कलमाखाली, प्रकरण ज्या टप्प्यावर असेल त्याप्रमाणे, न्यायालयाकडे अर्ज करावा, आणि त्यासोबत नोंदणीचा दाखला, विम्याचे कागद आणि झडतीच्या वेळी मिळालेली पंचनाम्याची प्रत जोडावी.